वजन उतरवण्याची चार हर्बल उत्पादने : हिंगणघाट परिसरातल्या खरेदीचे परीक्षण

हिंगणघाट तालुक्यातल्या आमच्या गावात महिला बचत गटाच्या बैठकीत हल्ली कर्जाच्या हप्त्यांइतकीच चर्चा वजन कमी करणाऱ्या कॅप्सूल आणि चूर्णांची होते. मी ग्रामीण रुग्णालयातून औषध निर्माण अधिकारी म्हणून निवृत्त झालेली असल्यामुळे बायका पाकिटे घेऊन माझ्याकडे येतात आणि "ताई, हे घेऊ का?" एवढेच विचारतात. या प्रश्नाला एका शब्दात उत्तर देणे मला योग्य वाटत नाही. म्हणून ज्यांची नावे वारंवार कानावर आली अशी तीन उत्पादने मी स्वतः विकत घेतली, चौथे एका वापरणाऱ्या बाईंकडून मिळाले, आणि चारही पाकिटांवर काय लिहिले आहे व त्यांतल्या घटकांबद्दल वैद्यकीय चाचण्यांत काय आढळले आहे हे ताडून पाहिले. कंपन्यांची नावे येथे दिलेली नाहीत, कारण हीच मिश्रणे कितीतरी वेगवेगळ्या नावांनी विकली जातात आणि वाचकाच्या हातात पडणारा डबा बहुधा निराळ्याच नावाचा असेल.

ही गरज खोटी नाही, हे आधी स्पष्ट केले पाहिजे. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या सुमारे २४ टक्के स्त्रिया आणि २३ टक्के पुरुष जास्त वजनाचे किंवा लठ्ठ आढळले होते, आणि तो आकडा २५ च्या बॉडी मास इंडेक्सवर (किलोतले वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग) मोजलेला आहे. भारतीयांच्या शरीरात तेवढ्याच वजनाला पोटावरची चरबी अधिक असते, म्हणून आपल्याकडचे डॉक्टर २३ पासूनच सावध करतात आणि कमरेचा घेर स्त्रियांत ८० व पुरुषांत ९० सेंटिमीटरच्या आत असावा असे सांगतात. माझ्याकडे येणाऱ्या बायकांना बारीक दिसण्याची हौस नसते. कुणाचे गुडघे निंदणाला बसू देत नाहीत, कुणाला साखरेची गोळी नुकतीच सुरू झालेली असते, आणि वजन उतरले तर बरे वाटेल हे डॉक्टरांनी सांगितलेले असते. ते कसे उतरवायचे हे समजावून सांगायला मात्र गर्दीच्या ओपीडीत कुणाला वेळ मिळालेला नसतो. ती मोकळी जागा ही पाकिटे भरून काढतात.

पहिले उत्पादन म्हणजे साठ कॅप्सूलचा प्लॅस्टिकचा डबा. तालुक्याच्या मेडिकल स्टोअरमध्ये तो मिळतो आणि साखळी पद्धतीने विक्री करणारी एजंट बाई तो घरपोचही आणून देते. एका महिन्याची किंमत कापूस वेचणाऱ्या बाईच्या चार-पाच दिवसांच्या मजुरीएवढी पडते, आणि एजंटच्या सांगण्याप्रमाणे किमान तीन महिन्यांचा 'कोर्स' करावा लागतो. डब्यावर एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा, चौदा अंकी परवाना क्रमांक, बॅच क्रमांक आणि मुदतीची तारीख आहे, ही जमेची बाजू आहे. पुढच्या बाजूला ठळक अक्षरांत चरबी जाळण्याचे आश्वासन आहे आणि मागच्या बाजूला, भिंग लावल्याशिवाय वाचता येऊ नये इतक्या बारीक टाइपात, हे उत्पादन औषधी वापरासाठी नाही असे छापले आहे. कायद्याच्या दृष्टीने मागचे वाक्यच खरे आहे. आहारपूरक म्हणून परवाना घेतलेले उत्पादन हे अन्न असते आणि एखादा आजार बरा करण्याचा दावा त्याला करता येत नाही.

घटकांत गार्सिनिया, ग्रीन कॉफी आणि ग्रीन टी यांचे अर्क आहेत. एकूण मिश्रण किती मिलिग्रॅम हे दिले आहे, पण प्रत्येक अर्क किती हे दिलेले नाही, आणि माझ्या मते हा या डब्याचा सर्वांत मोठा दोष आहे. कारण प्रमाण कळल्याशिवाय उपयोगाचा अंदाजही बांधता येत नाही आणि धोक्याचाही नाही. गार्सिनिया हे आपल्या कोकमाच्याच कुळातले, मलबार किनाऱ्यावरचे फळ आहे. त्याच्या सालीत हायड्रॉक्सीसायट्रिक आम्ल असते आणि पिठूळ पदार्थांपासून चरबी तयार करणाऱ्या एका विकराचे (एन्झाइमचे) काम ते अडवते. उंदरांवरच्या प्रयोगांत याचा परिणाम दिसला आणि सगळी जाहिरात त्यावर उभी राहिली. परंतु माणसाच्या अंगावर चढणारी चरबी नेहमीच्या आहारात मुख्यतः खाल्लेल्या तेलातुपातून साठते, पिठापासून नव्याने तयार होणारा भाग त्या मानाने लहान असतो, त्यामुळे तो मार्ग अडवून फारसे काही साधत नाही. १९९८ साली अमेरिकेत १३५ जाड व्यक्तींवर बारा आठवड्यांची चाचणी झाली. निम्म्यांना रोज १,५०० मिलिग्रॅम हायड्रॉक्सीसायट्रिक आम्ल आणि उरलेल्यांना तशीच दिसणारी पण औषध नसलेली कॅप्सूल देण्यात आली, आणि दोन्ही गटांना कमी उष्मांकाचा, भरपूर तंतूंचा एकसारखा आहार सांगण्यात आला. गार्सिनिया घेणाऱ्यांचे वजन सरासरी ३.२ किलोने उतरले, तर नुसती कॅप्सूल घेणाऱ्यांचे ४.१ किलोने. फरक संख्याशास्त्राच्या दृष्टीने नगण्य होता. वजन दोन्ही गटांचे उतरले होते आणि ते आहारामुळे उतरले होते. आमच्या एजंट बाई डब्यासोबत जो आहाराचा कागद देतात त्यावर रात्रीचा भात बंद, चहातली साखर बंद आणि रोज अर्धा तास चालणे असे लिहिले आहे. तो कागद पाळून जे उतरते त्याचे श्रेय कॅप्सूल घेऊन जाते.

ग्रीन कॉफीची कथा आपल्या देशाशी जोडलेली आहे. २०१२ साली बंगळुरूमध्ये केवळ १६ व्यक्तींवर केलेल्या एका चाचणीच्या आधारे भाजण्यापूर्वीच्या हिरव्या कॉफीबियांचा अर्क जगभर गाजला. पुढे अमेरिकेच्या व्यापार आयोगाने त्या चाचणीतली वजने आणि इतर महत्त्वाच्या नोंदी वारंवार बदलल्याचा आरोप केला, तो अर्क विकणाऱ्या कंपनीने २०१४ साली ३५ लाख डॉलर भरून प्रकरण मिटवले आणि शोधनिबंध मागे घेण्यात आला. निबंध मागे घेतला गेला तरी कॅप्सूलमधला अर्क आणि त्याची जाहिरात मात्र अजून आमच्या गावापर्यंत येत आहे, याचे मला फार वाईट वाटते. ग्रीन टीबद्दल पुरावा अधिक प्रामाणिक पण तितकाच निराशाजनक आहे. कॉक्रेन ही वैद्यकीय चाचण्यांचा एकत्रित आढावा घेणारी संस्था आहे; तिच्या २०१२ सालच्या समीक्षेने चाचण्या एकत्र करून काढलेला निष्कर्ष असा होता की वजनातला फरक फारच थोडा असतो आणि आरोग्याच्या दृष्टीने त्याला महत्त्व नाही.

फायदा नाही तर नाही, नुकसान तरी कुठे आहे, असे विचारले जाते. कपभर ग्रीन टी पिणे आणि त्याच पानांचा दाट अर्क कॅप्सूलमधून रोज घेणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. युरोपच्या अन्न सुरक्षा संस्थेने २०१८ साली असे नमूद केले की पूरक गोळ्यांमधून रोज ८०० मिलिग्रॅम किंवा त्याहून अधिक ईजीसीजी, म्हणजे ग्रीन टीमधला मुख्य घटक, पोटात गेल्यास यकृताला इजा होत असल्याच्या खुणा रक्ततपासणीत दिसू लागतात. त्याआधी २००९ साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 'हायड्रॉक्सीकट' या वजन उतरवणाऱ्या उत्पादनांविरुद्ध सावधगिरीचा इशारा दिला होता. यकृताच्या गंभीर त्रासाच्या २३ तक्रारी त्यांच्याकडे आल्या होत्या आणि त्यांत एक मृत्यू होता. त्या मालिकेतल्या काही प्रकारांत गार्सिनिया होता, पण अनेक अर्क एकत्र असल्यामुळे नेमका दोष कोणाचा हे ठरवणे कठीण गेले. आमच्या डब्यावर प्रमाणे लपवलेली आहेत म्हणून माझा आक्षेप आहे तो यासाठीच. हा डबा घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे; आणि ज्यांना कावीळ होऊन गेली आहे किंवा ज्यांच्या क्षयरोगाच्या गोळ्या चालू आहेत, त्यांनी तर त्याला हातही लावू नये, कारण त्या गोळ्यांचाच यकृतावर आधीपासून भार असतो.

दुसरे उत्पादन गुग्गुळाच्या गोळ्यांचे आहे. सोबत त्रिफळा, त्रिकटू, चित्रक आणि वावडिंग आहेत, आणि लेबलवर आयुर्वेदिक औषध म्हणून उत्पादन परवाना क्रमांक आहे. हे पाकीट पहिल्याच्या निम्म्याहून कमी किमतीत मिळते आणि त्यावर प्रत्येक घटकाचे प्रमाण स्वच्छ छापलेले आहे, म्हणून लेबलाच्या बाबतीत चौघांत मी याला सर्वांत वर ठेवते. गुणाच्या बाबतीत तसे म्हणता येत नाही. गुग्गुळ रक्तातली चरबी कमी करतो अशी समजूत होती. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी चाचणीत १०३ व्यक्तींना आठ आठवडे गुग्गुळाचा अर्क किंवा निष्क्रिय गोळी दिली गेली, तेव्हा अर्क घेणाऱ्यांचे वाईट कोलेस्टेरॉल चार-पाच टक्क्यांनी वाढले आणि काहींच्या अंगावर पुरळ उठले. आणखी एक बाब विचारात घेण्यासारखी आहे. राजस्थान-गुजरातच्या कोरड्या रानात वाढणारे गुग्गुळाचे झुडूप डिंकासाठी घातलेल्या वाईट घावांमुळे मरते, आणि निसर्ग संवर्धनाच्या जागतिक यादीत आता ते अतिधोक्यातील वनस्पतींमध्ये मोजले जाते.

आयुर्वेदावर माझी श्रद्धा आहे आणि म्हणूनच दुकानदार त्याचा एवढाच भाग विकतात याचे दुःख होते. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात अतिस्थूल माणसाचा विचार एका अध्यायात सविस्तर केला आहे. तेथे त्रिफळा, गुळवेल आणि नागरमोथा सांगितले आहेत हे खरे, पण त्याच ठिकाणी सातू, सावा, कोदो, मूग आणि कुळीथ यांचा आहार, व्यायाम आणि हळूहळू वाढवत नेलेले श्रम हेही सांगितले आहेत. त्यातला त्रिफळ्यासारखा औषधांचा भाग गोळीत आला आणि बाकीचा अध्याय पुस्तकात राहिला. आमच्या भागात तर तो अध्याय पूर्वी ताटातच होता. सकाळी ज्वारीची भाकर, अंबाडीची किंवा बरबटीची भाजी, जवसाची चटणी, तुरीचे घट्ट वरण, असे जेवण शेतावर जाणाऱ्या बाईचे असे. सोयाबीन आल्यापासून ज्वारीचा पेरा घटला, रेशनवर गहू आणि तांदूळ मिळू लागला, तेलाचा पिपा घरात आला, आणि चहासोबत बिस्किटांचा पुडा ही रोजची गोष्ट झाली. फवारणी, निंदण यांत तणनाशकाने मजुरीचे दिवसही कमी केले. वजन कशाने वाढले याचे उत्तर मला याच बदलात दिसते, आणि ते एखाद्या गोळीने उलटवता येईल असे मला वाटत नाही. मेळघाटात कोरकू कुटुंबे अजून कोदो-कुटकी पिकवतात. तेच धान्य शहरातल्या दुकानात 'मिलेट' म्हणून चढ्या भावाने मिळते.

तिसरे उत्पादन कोंजॅकच्या कंदापासून काढलेल्या ग्लुकोमॅनन नावाच्या तंतूची पूड आहे. कोंजॅक हा आपल्या सुरणाचा जवळचा नातलग असून चीन-जपानकडे पिकतो. चारही उत्पादनांत ज्याच्या मागे काही मान्यताप्राप्त आधार आहे असे हे एकच आहे. हा तंतू पाणी शोषून पोटात फुगतो, त्यामुळे थोड्या जेवणात पोट भरल्यासारखे वाटते. युरोपच्या अन्न सुरक्षा संस्थेने २०१० साली त्याच्या वजनाच्या संदर्भातल्या दाव्याला शास्त्रीय आधार असल्याचे मत दिले, पण अटी घालून : रोज एकूण तीन ग्रॅम, एक-एक ग्रॅम तीन वेळा, प्रत्येक वेळी एक-दोन ग्लास पाण्यासोबत जेवणाआधी, आणि तेही कमी उष्मांकाचा आहार चालू असतानाच. चाचण्यांत आढळलेला फरक लहान आहे आणि काही चाचण्यांत तो आढळलाही नाही. पूड कमी पाण्यात घेतली तर ती घशात किंवा अन्ननलिकेत फुगून अडकू शकते, म्हणून गिळायला त्रास होणाऱ्या वृद्धांना ती देऊ नये. तसेच साखरेच्या, रक्तदाबाच्या गोळ्या आणि ही पूड यांत काही तासांचे अंतर ठेवावे, कारण फुगलेला तंतू औषध शोषले जाण्यात अडथळा आणतो. आमच्याकडे मिळालेल्या डब्यावर पाण्याचे प्रमाण दिलेले आहे, पण गोळ्यांमधल्या अंतराबद्दल काहीही नाही.

या डब्याची किंमत पाहता मी बायकांना इसबगोलाचा साधा भुसा सुचवते. तोही तंतूच आहे, कोणत्याही किराणा दुकानात कितीतरी स्वस्त मिळतो, वाईट कोलेस्टेरॉल थोडे कमी करण्याचा गुण त्यात चांगल्या चाचण्यांनी सिद्ध झालेला आहे आणि जेवणानंतर साखर चढण्याचा वेगही तो कमी करतो. वजन त्याने फारसे उतरत नाही, पण निदान जे सांगितले जाते ते मिळते. जवसाची चटणी आणि भिजवलेल्या मेथ्यांमधूनही असाच तंतू मिळतो, आणि त्यांच्यासाठी कुणाच्या एजंटला पैसे द्यावे लागत नाहीत.

आता चौथे उत्पादन, ज्याच्यासाठी मी हे सगळे लिहायला बसले. आठवडी बाजारात मोटारसायकलवर येणारा एक माणूस पांढऱ्या पिशवीत तपकिरी चूर्ण विकतो. पिशवीवर घटक नाहीत, परवाना नाही, बॅच नाही, तारीख नाही; फक्त चिठ्ठीवर सकाळ-संध्याकाळ एक चमचा असे लिहिलेले आहे. गटातल्या एका बाईंनी ते घेतले आणि खरोखरच त्यांची भूक गेली, काही आठवड्यांत साड्यांचे ब्लाउज सैल झाले, आणि त्यांचे पाहून आणखी काहींनी पिशव्या घेतल्या. "जंगलातली जडीबुटी हाय जी, याचा काही साइड इफेक्ट नसते," असे विकणारा सांगत असे. त्यानंतर त्या बाईंच्या तोंडाला कोरड पडू लागली, रात्रीची झोप उडाली, छातीत धडधड होऊ लागली, आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासले तेव्हा गोळी चालू असूनही रक्तदाब बराच वाढलेला निघाला.

ती पूड प्रयोगशाळेत तपासली गेलेली नाही, म्हणून तिच्यात काय होते हे मी ठामपणे लिहिणार नाही. परंतु ही लक्षणे माझ्या ओळखीची आहेत. सिब्युट्रामिन नावाचे भूक मारणारे कृत्रिम औषध पूर्वी डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळत असे. सुमारे ९,८०० हृदयरोगाचा धोका असलेल्या रुग्णांवरच्या मोठ्या अभ्यासात त्याने हृदयविकाराचा झटका आणि पक्षाघात यांचे प्रमाण वाढल्याचे दिसले, म्हणून २०१० साली युरोप-अमेरिकेतून आणि २०११ साली भारतातून ते बंद करण्यात आले. तेव्हापासून तेच औषध 'शंभर टक्के हर्बल' म्हणवणाऱ्या उत्पादनांत लपवून मिसळलेले वेगवेगळ्या देशांच्या तपासण्यांत पुन्हा पुन्हा सापडले आहे. तोंडाला कोरड, निद्रानाश, धडधड आणि वाढलेला रक्तदाब हे त्याचे नेहमीचे परिणाम आहेत. अशा चूर्णांत दुसरी नेहमीची भर सोनामुखीसारख्या जुलाब करणाऱ्या वनस्पतींची असते. त्याने काट्यावरचे वजन झपाट्याने उतरते, पण जाते ते पाणी आणि पोटॅशियम, चरबी तशीच राहते; पोटॅशियम घसरले की हृदयाची लय बिघडू शकते.

म्हणून माझे या पिशवीबद्दलचे मत इतर तिघांपेक्षा वेगळे आहे. पहिल्या डब्याचा परिणाम दिसत नाही ही त्याच्याविरुद्धची तक्रार आहे, तर या पिशवीचा परिणाम लगेच दिसतो हाच तिच्याविरुद्धचा पुरावा आहे. वर सांगितलेल्या चाचण्यांतली कोणतीही वनस्पती काही आठवड्यांत अशी भूक घालवत नाही. जी घालवते ती निरुपद्रवी असतेच असेही नाही : एफेड्रा ही चिनी वैद्यकातली वनस्पती भूक कमी करते, पण हृदयावरच्या दुष्परिणामांमुळे २००४ साली अमेरिकेने आहारपूरकांतून तिच्यावर बंदी घातली. वनस्पतीपासून मिळाले एवढ्यावरून सुरक्षित ठरत नाही, हे त्यावरून लक्षात यावे.

लठ्ठपणा बरा करण्याची जाहिरात करणे हाच आपल्याकडे गुन्हा आहे. १९५४ च्या औषधे आणि जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याच्या अनुसूचीत ज्या आजारांची नावे आहेत त्यांत लठ्ठपणाही आहे. त्यामुळे बाजारात ध्वनिक्षेपकावर ओरडून चूर्ण विकणाऱ्याविरुद्ध जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासन कार्यालयात लेखी तक्रार करता येते, आणि लेबल असलेल्या आहारपूरकाबद्दल 'फूड सेफ्टी कनेक्ट' या एफएसएसएआयच्या अ‍ॅपवरही ती नोंदवता येते. औषध किंवा चूर्ण घेतल्यानंतर त्रास झाल्यास भारतीय औषध दक्षता कार्यक्रमाचा १८००-१८०-३०२४ हा निःशुल्क क्रमांक आहे. तेथे कळवताना पिशवी किंवा डबा, उरलेली पूड आणि केव्हापासून किती घेतली याची नोंद जवळ ठेवावी. ज्या बाईंचा उल्लेख वर केला, त्यांनी चूर्ण थांबवल्यावर आरोग्य केंद्रात पुन्हा रक्तदाब तपासून घेतला, आणि त्यांची उरलेली पिशवी मी फेकू दिलेली नाही. तक्रारीसोबत तीच द्यायची आहे.